एस्टूल

चेलो 'स्टूल' म्हणायची नाही, 'एस्टूल' म्हणायची. स्कूलला एस्कूल, स्टॉपला एस्टॉप, स्माइलला एस्माइल. स-च्या जोडाक्षरानं सुरू होणारा शब्द आला की आधी 'ए'ची एक पायरी टाकायची आणि तिच्यावर पाय देऊन मग शब्दावर चढायची. मला हे पहिल्या दिवशीच ओळखीचं वाटलं. आमच्या करमाळ्याच्या शाळेत गेनूमामा शिपाई होते, तेही इष्टुल, इष्टाप, इष्टो असंच बोलायचे. करमाळा कुठं, मेक्सिको कुठं. पण 'स्ट'च्या बाबतीत दोन्ही गावं एकाच तालुक्यातली.

तिचं पूर्ण नाव कॉन्सुएलो, लाडाचं चेलो. इंग्रजांना ते वाजवायचं वाद्य वाटायचं आणि मला चेला. शिकवणारीचंच नाव चेलो म्हटल्यावर माझ्यासारख्यानं गप्प बसायचं कसं. पहिल्याच आठवड्यात घरी येऊन सांगितलं, "वहिनी, आमच्या क्लासात गुरू चेलो आहे, आणि चेले सगळे स्वतःला गुरू समजतात."

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार असेल. दादा साउथहॅम्प्टनच्या एका हॉस्पिटलात भूल द्यायचा डॉक्टर. मी त्याच्याकडे राहून कॉलेजात कसलासा डिप्लोमा करत होतो आणि उरलेल्या वेळात नकला. दादाच्या कन्सल्टंटची, बसड्रायव्हरची, मराठी मंडळाच्या अध्यक्षांची. शेवटी वहिनी वैतागून म्हणाली, "भावजी, संध्याकाळी काहीतरी शिकायला जा हो. घरात आपण तीन माणसं, आणि मला सारखं वाटतं पाहुणे आलेत." इव्हनिंग क्लासला प्लंबिंग होतं, केक सजवणं होतं आणि फोटोग्राफी होती. त्यातल्या फोटोग्राफीच्या खोलीतला रेडिएटर गरम होता. कलेची ओढ वगैरे एवढीच.

तिचं सगळं चरित्र मला माहीत नाही. बोटीवरच्या एका इंग्रज इंजिनिअरशी लग्न करून ती बंदराच्या या गावात आली, पुढं इंजिनिअर बोटीबरोबर गेला आणि ही राहिली, एवढंच कळलं होतं. बुटकी, रुंद, कमरेपर्यंत पांढरी-काळी वेणी, अंगात पुरुषाचं खिसेवालं जाकीट. बोटांना कायम डार्करूमच्या केमिकलचा आंबूस वास. आणि काखेत ते स्टूल. निळ्या रंगाचं, तीन पायांचं, रंगाचे पोपडे निघालेलं. बसमधे चढली की आधी स्टूल चढायचं, मग ती. सीट रिकामी असली तरी कधीकधी स्वतःच्याच स्टुलावर बसायची आणि ड्रायव्हर आरशातून बघून मान हलवायचा.

मी तिची नक्कल करतो हे तिला तिसऱ्या-चौथ्या क्लासला कळलं. मी तिच्या पाठीमागं "एस्टॉप एस्माइलिंग" असं चालवलं होतं आणि सगळे हसता हसता एकदम गप्प झाले, त्यावरून मी ओळखलं की ती वळली आहे. मला वाटलं, आता हाकलणार. तर तिनं मला पुढं बोलावलं, निळ्या स्टुलावर बसवलं आणि म्हणाली, "कर. पूर्ण कर." मी केली. ती कान देऊन ऐकत होती, डॉक्टर छाती तपासताना ऐकतो तशी. मग म्हणाली, "आवाज बरा आहे. पण तू फक्त ऐकतोस, बघत नाहीस. आवाज नंतर येतो, ओठ आधी येतात. माझा 'ए' तोंडातून बाहेर पडायच्या आधी ओठ बाजूला ताणले जातात. ते बघ." आणि स्वतः दहादा 'एस्टूल, एस्टूल' म्हणून दाखवलं, सावकाश, तोंडाजवळ बोट नेऊन. अख्ख्या वर्गासमोर एका बाईच्या ओठांकडं टक लावून बघायची माझी पहिलीच वेळ. मी असा लाजलो की हसू गेलं ते गेलंच. त्यानंतर मी जी नक्कल करायला लागलो ती खरी नक्कल. त्याआधीचा नुसता चिवचिवाट.

फोटो काढायची तिची रीत वेगळी होती. कॅमेरा तिकाटण्यावर लावायची, उजेड बघायची, फोकस करायची आणि मग चक्क कॅमेऱ्यापासून दूर जाऊन भिंतीला टेकून उभी राहायची. कॅमेऱ्याला एक लांब रबरी नळी जोडलेली असायची, नळीच्या टोकाला रबरी फुगा. तो फुगा ज्याचा फोटो त्याच्या हातात. त्याला वाटेल तेव्हा त्यानं दाबायचा. "युअर फेस, युअर हँड," एवढंच म्हणायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची. माणसाला घाई नाही म्हटल्यावर माणूस आधी हसायचा, मग केस सारखे करायचा, मग कंटाळायचा, आणि सगळं करून झाल्यावर जो उरायचा तो फुगा दाबायचा. त्यामुळं तिच्या प्रत्येक फोटोत खाली एक मूठ दिसते. फुग्यावर आवळलेली.

दादाच्या हातात फुगा दिला तेव्हा तो म्हणाला, "ही माझं ब्लडप्रेशर घेतेय की फोटो?" ती म्हणाली, "तुमचं तुम्हीच घेताय."

दादाचा फोटो ती कशाला काढत होती, ते सांगायला हवं. त्या हॉस्पिटलात दारातून आत शिरलं की एक लांब कॉरिडॉर आहे. त्याच्या एका भिंतीवर जुन्या इंग्रज सर्जनांची तैलचित्रं, सोनेरी चौकटीत, गालांवर कल्ले, हातात पुस्तक. समोरची भिंत कोरी. चेलो एकदा पाय मुरगळला म्हणून तिथं गेली होती आणि व्हीलचेअरवर बसून ती कोरी भिंत बघत होती. तिला तपासणारा डॉक्टर नागपूरचा, पट्टी बांधणारी नर्स जमैकाची, व्हीलचेअर ढकलणारा आयरिश. तेव्हापासून तिनं धरलं की या माणसांचे फोटो त्या भिंतीवर लागले पाहिजेत. चार दिवसांचं प्रदर्शन नको, कायमचे. त्या गालमिश्यांच्या समोरासमोर, त्याच उंचीवर. कौन्सिलकडं गेली, हॉस्पिटलकडं गेली, कमिट्यांसमोर बसली. शेवटी ठरलं की आधी प्रदर्शन लावा, लोकांना आवडलं तर कायमचं ठेवू. तिनं दोन वर्षं त्यात घातली. दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही. तिला ती भिंत हवी होती.

आपल्या लोकांत तिला फिरवायचं काम आपोआप माझ्याकडं आलं, कारण मराठी डॉक्टरांच्या घरी एकटी परकी बाई स्टूल घेऊन आली तर दार अर्धंच उघडायचं. दोन-तीन घरं झाल्यावर बसमधे तिनं मला गंभीरपणे विचारलं, "तुमच्यात सगळ्या बायका नवऱ्याला लसूण का म्हणतात?"

मला कळेना. ती म्हणाली, "तुझी वहिनी म्हणाली, आहो, टाय सरळ करा. दुसरी म्हणाली, आहो, इकडं बघा. आमच्या भाषेत आहो म्हणजे लसूण."

मी तिला समजावलं की ते 'अहो', नवऱ्याचं नाव घेत नाहीत म्हणून तशी हाक मारतात. ती इतकी हसली की स्टूल कलंडलं. मग म्हणाली, "म्हणजे नाव खाली काय लिहू? मिस्टर गार्लिक?" त्या दिवसापासून तिच्या लेखी सगळे मराठी पुरुष अहो. दादाला कॉरिडॉरमधे लांबून हाक मारायची, "मिस्टर अहो, एस्टॉप." दादा अशा वेळी लिफ्टकडं वळायचा. त्याची कन्सल्टंटची जागा व्हायची होती आणि त्याला स्वतःचं नाव नीट उच्चारणारी माणसं हवी होती.

या सगळ्या अहोंत एक नंबरचे अहो म्हणजे साठेकाका. मंडळाचे अध्यक्ष. पॅथॉलॉजी लॅबमधे, रिटायर व्हायला आलेले. काकांची नक्कल मी झोपेतही करायचो. घसा खाकरायचा, चष्मा काढायचा, काच पुसायची, आणि काहीही विषय असो, म्हणायचं, "आपण त्यात पडायला नको." मंडळात भांडण लागलं, आपण त्यात पडायला नको. गणपतीचा हॉल मिळेना, आपण त्यात पडायला नको. काकू तर म्हणायच्या की लग्नाच्या बोहल्यावरसुद्धा हे तसंच म्हणाले असतील, मला ऐकू आलं नाही एवढंच.

काकांचा फोटो लॅबमधे काढायचा होता. काकू मुद्दाम आल्या होत्या, फुलदाणी घेऊन. मायक्रोस्कोपशेजारी ठेवली. चेलोनं ती उचलली आणि दारामागं नेऊन ठेवली. "नो फ्लॉवर्स."

काकूंचा चेहरा उतरला. "अगं, शोभेला."

मी भाषांतर केलं. चेलो काकूंसमोर स्टुलावर बसली आणि तिनं तिच्या वडिलांची गोष्ट सांगितली. वडील एका लहान गावात फोटोग्राफर होते. जिवंत माणसांना फोटोची हौस नसायची. बोलावणं यायचं ते घरात लहान मूल गेलं की. मग त्या बाळाला देवदूतासारखं नटवायचे, भोवती फुलं लावायची, झेंडूची, आणि वडील फोटो काढायचे. फूल घरंगळून तोंडावर येऊ नये म्हणून चेलो खाली वाकून फुलं धरून बसायची. सात-आठ वर्षांची. "वडील म्हणायचे, ही मुलं चांगली, हलत नाहीत," ती म्हणाली. "म्हणून माझ्या फोटोत फूल नाही. आणि म्हणून फुगा तुमच्या हातात. मेलेल्याला दाबता येत नाही."

हे सगळं मी मराठीत सांगितलं, कोणाचाही आवाज न काढता. काकू म्हणाल्या, "अरे देवा." काकांनी चष्मा पुसला, पण त्यात पडायला नको असं काही म्हणाले नाहीत. फुगा हातात घेतला, बराच वेळ नुसते उभे राहिले, आणि दाबला. तो फोटो मी नंतर पाहिला. काका इतके हजर मी कधीच पाहिले नव्हते.

आता जिलियन. ही कौन्सिलची आर्ट्स ऑफिसर. मनानं वाईट नव्हती, आधीच सांगतो, म्हणजे पुढचं जास्त कडू लागेल. मंडळाला गणपतीसाठी हॉल हिनंच मिळवून दिला होता. त्या गणपतीला ती पाहुणी म्हणून आली तेव्हा साठेकाकांनी स्वतः तिच्या गळ्यात हार घातला. टाळ्या वाजल्या. जिलियनच्या डोळ्यांत पाणी आलं. ती मला म्हणाली, "काय सुंदर पद्धत आहे तुमची, मान द्यायची."

तेव्हा तिला कोणी सांगितलं नाही की गळ्यात घातला तर सत्कार आणि फोटोला घातला तर माणूस गेला. कोण सांगणार? आपल्याला तरी ते कोणी सांगितलेलं असतं का?

प्रदर्शनाच्या दिवशी कॉरिडॉर सजला होता. मेयर आले होते, गळ्यात साखळी घालून. एका बाजूला समोसे. चेलो नव्हती. तिला शेवटच्या क्षणी वाटलं की फोटोंखाली ते निळं स्टूल ठेवावं, दमलेल्या पेशंटला बसता येईल, म्हणून ती कॉलेजात स्टूल आणायला गेली होती. तेवढ्यात जिलियन आणि तिच्या दोन मदतनीस मुलींनी खोके उघडले आणि प्रत्येक फोटोला एकेक हार घातला. झेंडूचे, नारिंगी, प्लॅस्टिकचे. दादाला, काकांना, जमैकन नर्सला, आयरिश पोर्टरला. तो पोर्टर तर खूष होता, स्वतःच्या फोटोशेजारी उभा राहून फोटो काढून घेत होता.

आपले लोक दारातून आत आले आणि दारातच अडकले.

वहिनीनं माझी बाही धरली. "भावजी, आधी तुमच्या दादाचा काढा. आधी तो काढा."

साठेकाका स्वतःच्या फोटोसमोर उभे होते. फोटोतले काका त्यांच्याकडं बघत होते, हारातून. काकू पुढं झाल्या नाहीत. लांबूनच म्हणाल्या, "अहो, चला घरी." एवढंच. त्या 'अहो'ला लसूण म्हणून हसायची माझी हिंमत पुन्हा झाली नाही.

तेवढ्यात चेलो आली, काखेत स्टूल. तिनं भिंत बघितली. स्टूल हातातून सुटलं आणि फरशीवर इतकं वाजलं की मेयर दचकले. मग ती धावली आणि हार ओरबाडायला लागली. स्पॅनिशमधे काय काय ओरडत होती. एक हार तुटला आणि प्लॅस्टिकची फुलं त्या लांब कॉरिडॉरमधून गडगडत गेली, आणि तिनं खाली वाकून ती गोळा करायला सुरुवात केली, दोन्ही हातांनी, एकही राहता कामा नये अशी. मी तिच्याजवळ गेलो तर तिनं मला ओळखलं नाही. माझी खात्री आहे, त्या वेळी ती सात-आठ वर्षांची होती.

इंग्रजांना काय दिसलं? एक बाई, जिच्यासाठी हे सगळं केलं, ती वेड लागल्यासारखी सजावट फाडतेय. आणि आपल्या लोकांना काय दिसलं? तोवर आपले लोक निघून गेले होते. समोसे मात्र कोणीतरी बरोबर नेले, ते मी पाहिलं.

चार दिवसांत मंडळात कारण सापडलं. कोणी म्हणालं, ती मेक्सिकन ना, त्यांच्यात मेलेल्यांचा सण असतो, झेंडूची फुलं लावून. तिचीच कल्पना असणार. हे जिलियनच्या कानावर गेलं की जिलियननंच सोडलं, मला माहीत नाही. पण हॉस्पिटलच्या कमिटीची मीटिंग झाली तेव्हा जिलियन कागदावर बघत म्हणाली, "आम्ही कॉन्सुएलोच्या परंपरेतलं आणि भारतीय परंपरेतलं काही एकत्र आणायचा प्रयत्न केला." अगदी मऊ आवाज. त्या आवाजाची नक्कल करता येत नाही, त्याला कडाच नसतात.

मंडळाच्या वतीनं साठेकाका, दादा आणि मी. चेलो टेबलाच्या टोकाला. ती म्हणाली, "मी माझ्या फोटोत कधी फूल ठेवत नाही. यांना विचारा. यांच्या बायकोची फुलदाणी मी दारामागं ठेवली होती."

सगळ्यांनी काकांकडं बघितलं. एक वाक्य पुरलं असतं. हो, ठेवली होती. बस. भिंत राहिली असती की नाही कोण जाणे, पण बाई तरी राहिली असती.

काकांनी घसा खाकरला. चष्मा काढला. काच पुसली. त्यांनी तोंड उघडायच्या आधीच मला कळलं, कारण आता मला ओठ वाचता येत होते. गणपतीला महिना राहिला होता आणि हॉल जिलियनच्या हातात होता.

"कोणाची कल्पना होती," काका इंग्रजीत म्हणाले, "आपण त्यात पडायला नको."

मी दादाकडं बघितलं. दादाच्या समोर कमिटीवर त्याचा कन्सल्टंट बसला होता. दादा घड्याळ बघत होता. भूल देणाऱ्या माणसाला कधी गप्प बसायचं ते बरोबर कळतं.

मग मी उठलो. म्हटलं, मी तिथं होतो, मीच भाषांतर केलं, ती म्हणाली होती, नो फ्लॉवर्स. आता तिचे शब्द मी दोन वर्षं तिच्याच आवाजात बोलत आलो होतो. ते तसेच बाहेर आले. तोच सूर, तेच ओठ. आणि ज्यांनी मला मंडळाच्या स्टेजवर बघितलं होतं, हॉस्पिटलच्या ख्रिसमस पार्टीत बघितलं होतं, ते हसले. कन्सल्टंटसुद्धा हसला. जिलियन हसली, बरं वाटल्यासारखी. काका हळूच म्हणाले, "अरे बस. नकला नंतर."

मी पुढंही बोललो. वडिलांचं, बाळांचं, सगळं. पण एकदा हसलेल्या खोलीला परत गंभीर करणं माझ्या धंद्यात बसत नाही. चेलो माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. फोकस करताना बघायची तशी, आणि मग कॅमेऱ्यापासून दूर जाताना जशी मान वळवायची, तशी तिनं मान वळवली.

फोटो उतरले. कॉलेजनं पुढच्या वर्षी फोटोग्राफीचा क्लासच ठेवला नाही, केक सजवणं ठेवलं. समोरच्या भिंतीवर हात कसे धुवावेत याची चित्रं लागली. ती अजून आहेत.

गाव सोडून जायच्या आधी चेलो घरोघर गेली, ज्याचा त्याचा फोटो द्यायला. वर्तमानपत्रात गुंडाळलेले. आमच्याकडं आली तेव्हा वहिनीनं चहाला थांब म्हटलं, पण दारातूनच म्हटलं. दादानं फोटो कागदातून न सोडवता तसाच कपाटावर ठेवून दिला. साठ्यांकडं दार उघडलंच नाही. काकू आत होत्या, पडदा हलला. चेलोनं फोटो पायरीवर ठेवला, पावसानं भिजू नये म्हणून दुधाच्या बाटल्यांच्या मागं.

पुढच्या हिवाळ्यात साठेकाका गेले. हार्ट अटॅक, लॅबमधेच. लोक म्हणाले, बघा, हार घातला आणि वर्ष फिरलं नाही. डॉक्टर लोक म्हणाले हे. ज्यांनी काकांचा ईसीजी आधी पाहिला होता, तेसुद्धा.

मी भेटायला गेलो तर हॉलमधे भिंतीवर काका. तोच फोटो. पायरीवरून उचलून आणला असणार आणि इतके दिवस कुठंतरी उलटा घालून ठेवला असणार. त्याला चंदनाचा हार, पुण्याहून मागवलेला. हाराच्या खाली ती मूठ, फुग्यावर आवळलेली.

"फोटो मात्र छान आलाय हो यांचा," काकू म्हणाल्या. "अगदी बोलतील असं वाटतं."

शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "कोणी काढला?"

काकूंनी पदर सारखा केला. "हॉस्पिटलनंच काढून दिला होता. कोणीतरी माणूस होता त्यांचा."

मी तोंड उघडलं. काकूंनी माझ्याकडं बघितलं आणि हात जोडल्यासारखं केलं. "तू आज नकला करू नकोस रे बाबा."

त्यानंतर त्या शहरात आणखी दोन-तीन घरी मी तिचे फोटो पाहिले. आपले लोक वयाचे झाले, एकेक जायला लागले आणि दर वेळी कपाटामागून तोच फोटो निघतो, कारण दुसरा इतका चांगला कोणाकडंच नाही. प्रत्येकाला हार. प्रत्येकाची मूठ खाली. शेवटी चेलोला भिंती मिळाल्या, तिला नको होत्या त्या.

मधे सहा-सात वर्षं गेली. मी मेडिकल रेकॉर्ड्समधे चिकटलो, दादा कन्सल्टंट झाला. माझ्या व्हिसाचं काम निघालं म्हणून सकाळच्या ट्रेननं क्रॉयडनला गेलो. व्हिसा ऑफिसबाहेर पहाटेपासून रांग. आत पोचलो तर काउंटरवरची बाई म्हणाली, फोटो चालणार नाहीत, मागची भिंत काळपट आहे, समोरच्या दुकानातून नवे काढून आणा.

समोर एक चिंचोळं दुकान होतं. पासपोर्ट फोटो, फोटोकॉपी, फोन कार्ड. आत पांढरा पडदा आणि एक स्टूल. क्रोमचं, गोल फिरणारं. कॅमेरा चार भिंगांचा, एका वेळी चार तोंडं छापणारा. आणि त्याच्यामागं चेलो.

वेणी कापली होती. दुकानाच्या नावाचा निळा टी-शर्ट. तिनं माझ्याकडं बघितलं आणि तिला कळलं, हे मला कळलं. मी खुळ्यासारखा हसलो आणि म्हणालो, तिच्याच आवाजात, "एस्टॉप एस्माइलिंग." माझ्याजवळ दुसरं द्यायला काही नव्हतं.

ती हसली नाही. म्हणाली, "प्लीज टेक अ सीट ऑन द स्टूल."

स्टूल. स्वच्छ, कोरं. रेल्वेच्या अनाउन्समेंटमधली बाई म्हणेल तसं.

मी बसलो. सवयीनं हात पुढं केला, फुग्यासाठी. तिनं त्या हाताकडं बघितलं. "हँड्स ऑन युअर लॅप, प्लीज. लुक स्ट्रेट." आणि बटण तिनं दाबलं.

फोटो सुकेपर्यंत थोडा वेळ होता. मी मराठी माणसासारखं नको ते विचारलं. "तुझा 'ए' कुठं गेला?"

ती कात्रीनं चार चेहरे वेगळे करत होती. मान वर न करता म्हणाली, "इथं लोक घाबरलेले येतात. मी काय सांगते ते त्यांना एकदाच ऐकून कळलं पाहिजे. मालकानं सांगितलं, मी शिकले." मग कात्री खाली ठेवून, "मिस्टर अहो कसे आहेत?"

मी म्हणालो, "कन्सल्टंट झाले."

"आणि दुसरे अहो? लॅबवाले?"

मी सांगितलं. तिनं पाकिटात फोटो घातले आणि पाकीट काउंटरवर माझ्याकडं सरकवलं. काकांचा फोटो आता कसा लावलाय, ते मी बोललो नाही. तिनं विचारलंही नाही. तिला माहीत असणार. "नेक्स्ट, प्लीज," ती म्हणाली.

मी बाहेर येऊन फुटपाथवर उभा राहिलो. माझ्यामागून एक बाई आत गेली होती, लहान मुलीला घेऊन. मुलगी काही स्टुलावर बसेना. आईनं उचलून ठेवली तरी घसरून खाली यायची. मग चेलो कॅमेरा सोडून पुढं आली, तिच्यासमोर गुडघ्यावर बसली आणि स्टुलावर थाप मारत काहीतरी म्हणाली. काचेतून मला ऐकू येत नव्हतं. पण मुलगी तिच्याकडं बघायला लागली.

मी काचेजवळ सरकलो. ऐकू न आलं तरी चालतं मला, तिनंच शिकवलंय. 'ए' यायच्या आधी ओठ बाजूला ताणले जातात.

तिनं ते पुन्हा एकदा म्हटलं. ओठ ताणले गेले नाहीत.